नक्षीकार विल्यम मॉरिस

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी आमच्या चित्रकलेच्या वर्गातील काही मुलांनी रंगमंचाच्या मागील पडद्यासाठी संगणकावर एक नक्षी तयार केली होती. जास्वंदीचे एक फूल, दोन पाने व एक वळणदार डहाळी असे एक चौकोनी चित्र काढावयाचे आणि तेच चित्र शेजारी शेजारी व वर खाली शेकडो वेळा मांडावयाचे, म्हणजे पडदा भरून जाईल, असा त्यांचा हिशेब होता. पडदा भरला खरा; परंतु तो टांगला तेव्हा पाहणारांच्या दृष्टीस फुले पडली नाहीत, पडल्या त्या नुसत्या रेघा. जेथे एक चौकोन संपून दुसरा सुरू होई तेथे डहाळी तुटे, पान अर्धेच राही, आणि एवढ्या कष्टाने केलेला पडदा लांबून गणिताच्या वहीच्या पानासारखा दिसे. मुले हिरमुसली. दुकानातील छिटावर किंवा भिंतीच्या कागदावर नक्षी अखंड वाहत असते, तिचा आरंभ कोठे आणि शेवट कोठे हे डोळ्यास कळत नाही, ते कसे साधते, असे त्यांतील एकाने आम्हांस विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता ज्या पुरुषाचे आम्हांस वारंवार स्मरण झाले त्याचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. नक्षीतील सांधा कसा झाकावा हे तर त्याच्यापासून शिकण्यासारखे आहेच. परंतु कोणता सांधा झाकू नये, हेही त्याच्याचपासून शिकता येते.

विल्यम मॉरिस याचा जन्म ता. २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळील वॉल्थमस्टो या गावी झाला. त्याचा बाप लंडन शहरात हुंड्यांचा व्यापार करीत असे. डेव्हन परगण्यात तांब्याची एक मोठी खाण निघाली, तिचे पुष्कळ भाग या बापाने अगदी प्रारंभीच घेऊन ठेवले होते, आणि खाणीला बरकत येताच घरात लक्ष्मी नांदू लागली. मुलाला खेळावयास एपिंगचे जंगल जवळच होते. हॉर्नबीम नावाच्या झाडांच्या त्या दाट जंगलात तो लहानपणी मनसोक्त हिंडे; कोणत्या झाडाचे पान कसे वळते, कोणती वेल कोणत्या बाजूने चढते, कोणता पक्षी कोठे बसतो, हे त्याने पुस्तकांतून नव्हे तर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून ध्यानात ठेवले. पुढे साऱ्या जन्मभर त्याच्या हातून जी पाने व फुले उतरली त्यांचे बी या जंगलात पेरले गेले होते.

सन १८४७ मध्ये, मॉरिस तेरा वर्षांचा असताना, त्याचा बाप वारला. पुढील वर्षी त्याला मार्लबरो येथील शाळेत घालण्यात आले. ती शाळा नवी होती व तिच्यात शिस्तीचा गोंधळ फार असे. त्यामुळे मॉरिसने वर्गात थोडे व भोवतालच्या जुन्या चर्चांत आणि माळरानांवर पुष्कळ शिक्षण घेतले. सन १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगातील सर्व देशांच्या मालाचे मोठे प्रदर्शन भरले. घरची मंडळी ते पाहावयास गेली असता सतरा वर्षांचा मॉरिस आत न जाता बाहेरच बसून राहिला, असे सांगतात. यंत्रांनी घाईघाईने केलेल्या, वरून भपकेदार व आतून पोकळ अशा वस्तूंचा त्याला तेव्हापासूनच तिटकारा होता.

सन १८५३ मध्ये तो ऑक्सफर्डच्या एक्झीटर कॉलेजात दाखल झाला. धर्मोपदेशक व्हावयाचे असा त्याचा निश्चय होता, आणि आईचीही तीच इच्छा होती. तेथे त्याला एडवर्ड बर्न-जोन्स नावाचा मित्र मिळाला. तोही धर्मोपदेशक होण्यासाठीच आला होता. सन १८५५ च्या उन्हाळ्यात हे मित्र उत्तर फ्रान्सात फिरले व तेथील जुनी भव्य चर्चे त्यांनी पाहिली. शेकडो वर्षांपूर्वी अनाम पाथरवटांनी, सुतारांनी व काचकाम करणारांनी एकेका कोपऱ्यात ओतलेला जीव पाहून दोघांचीही मने पालटली. आपली सेवा हातांच्या कामातून घडावी असे त्यांस वाटू लागले. बर्न-जोन्सने चित्रकार व्हावयाचे ठरविले, मॉरिसने शिल्पी. हा बेत आईला कळविणे मॉरिसला फार जड गेले. तिला किती वाईट वाटेल हे तो जाणत होता. तरीही त्याने आडपडदा न ठेवता पत्र लिहून सर्व कळविले. आमच्या पालक वाचकांस आम्ही एवढेच सुचवितो की, मुलगा आपल्या इच्छेप्रमाणे वागत नाही म्हणजे तो वायाच गेला, असे प्रत्येक वेळी समजू नये.

सन १८५६ मध्ये मॉरिस हा स्ट्रीट नावाच्या नामांकित वास्तुशिल्प्याच्या कचेरीत उमेदवार राहिला. तेथे फिलिप वेब या सज्जन शिल्प्याशी त्याची जन्माची मैत्री जडली. परंतु नकाशे काढीत बसणे त्याच्या धावत्या स्वभावास मानवले नाही. वर्षाच्या आत त्याने ती कचेरी सोडली व रोझेटी या चित्रकाराच्या नादाने तो चित्रे काढू लागला. त्याला माणसांची चित्रे कधीच नीट साधली नाहीत. ही उणीव त्याने ओळखली, आणि जे आपल्याला साधते ते कोणते याचा शोध चालू ठेवला. सन १८५९ मध्ये ऑक्सफर्ड येथील एका तबेल्यातील नोकराची कन्या जेन बर्डन हिच्याशी त्याचा विवाह झाला. घर सजविण्यासाठी बाजारात जावे तो एकही पडदा, एकही खुर्ची, एकही भिंतीचा कागद मॉरिसच्या मनास येईना. मग वेबने त्याच्यासाठी बेक्सलीहीथ येथे तांबड्या विटांचे एक घर बांधले व १८६० मध्ये सर्व मित्रांनी मिळून ते आपल्या हातांनी सजविले. कोणी छत रंगविले, कोणी कपाटे, तर मॉरिसने जुने भरतकाम उसवून उसवून त्याचे टाके शिकून घेतले व ते आपल्या पत्नीस शिकविले. या खेळातूनच १८६१ मध्ये सात भागीदारांची एक पेढी निघाली. सन १८७५ मध्ये ती एकट्या मॉरिसच्या मालकीची होऊन मॉरिस आणि कंपनी या नावाने प्रसिद्धीस आली.

आता आम्ही आमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. त्या तांबड्या घराच्या बागेत लाकडी जाळ्यांवर गुलाब चढविलेले होते. ते पाहून १८६२ मध्ये मॉरिसने भिंतीच्या कागदासाठी पहिली नक्षी काढली. तिच्यातील जाळी व गुलाब त्याचे, परंतु पक्षी मात्र वेबचे. कारण पक्षी आपल्याला चांगले येत नाहीत, हे सांगण्यात मॉरिसला कमीपणा वाटला नाही. ती नक्षी जस्ताच्या पत्र्यांवर कोरून आपणच छापावी असा त्याने खटाटोप केला, पण तो फसला. तेव्हा त्याने लंडनमधील इझ्लिंग्टन येथील जेफ्री आणि कंपनी या कारखान्याकडे ते काम सोपविले व तेथे जुन्या रीतीने लाकडी ठशांनी कागद छापले जाऊ लागले. नक्षीत जितके रंग तितके ठसे, कधी त्याहूनही अधिक. मजुराने ठसा रंगात बुडवावा, कागदावर नेमका ठेवावा, दाबावा, उचलावा व पुढे सरकावे. ठशाच्या कोपऱ्यांत बारीक खिळे बसविलेले असत. त्यांच्या खुणेवर पुढील ठसा बसे. एक रंग वाळला की दुसरा. सन १८७५ मधील अकँथसच्या पानांच्या नक्षीला ३० ठसे लागत. यावरून एक गुंडाळी छापण्यास किती हात व किती धीर लागत असेल याची कल्पना करावी.

ठसा केवढाही मोठा केला तरी तो भिंतीपेक्षा लहानच. इंग्रजी कागदाची रुंदी २१ इंच. म्हणजे तेच चित्र पुन्हा पुन्हा उमटणार, हे ठरलेलेच. ते खटकू नये यासाठी दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली ही की, चौकोनाच्या उजव्या कडेवर जी डहाळी बाहेर जाते ती डाव्या कडेवर त्याच उंचीला आत आली पाहिजे. वरच्या व खालच्या कडांचेही तसेच. याची कृती आमच्या मुलांनी नंतर करून पाहिली ती अशी. एक चौकोनी कागद घेऊन त्याच्या मध्यावर चित्र काढावे, मात्र कडांना ते पोचू देऊ नये. मग कागद मधोमध उभा कापून डावा तुकडा उजवीकडे व उजवा डावीकडे ठेवून चिकटवावा. पुन्हा आडवा कापून वरचा अर्धा खाली व खालचा वर असे करावे. आता ज्या मूळच्या बाहेरील कडा होत्या त्या आत येऊन मध्यभागी मोकळी जागा दिसेल. आणि नव्या बाहेरील कडा एकाच रेषेवर कापलेल्या असल्यामुळे त्या आपोआप जुळतील. मधली मोकळी जागा चित्राने भरून काढली की चौकोन तयार झाला. त्याची प्रत प्रतीशेजारी ठेवा, सांधा सापडणार नाही. संगणकावर चित्र अर्ध्या रुंदीने व अर्ध्या उंचीने सरकवून जे करतात ते हेच. कात्री नाही इतकाच भेद.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. कडा जुळल्या तरी एखादे फूल फार उठून दिसत असेल तर तेच फूल एका ओळीत शिपायांसारखे उभे राहते आणि डोळा ते मोजू लागतो. यावर मॉरिसने जुन्या विणकरांची युक्ती पुष्कळदा योजली. शेजारची पट्टी सरळ न लावता चित्राच्या अर्ध्या उंचीने खाली उतरवावयाची. म्हणजे फुलाशेजारी फूल न येता फुलाशेजारी दोन फुलांमधील जागा येते व रांगा मोडतात. शिवाय तो मोठ्या वळणांच्या मागे लहान पानांची दुसरी दाट वेल सोडी, त्यामुळे समोरची वेल कोठून निघाली हे शोधू जावे तो डोळा मागच्या वेलीत गुंतून जाई. नक्षीचा सांगाडा भूमितीसारखा काटेकोर असावा, परंतु तो पाहणारास एकदम उमगू नये, हे तत्त्व त्याने १८८१ मध्ये लंडनच्या कामगारांच्या कॉलेजात दिलेल्या नक्षीकलेवरील व्याख्यानात विस्ताराने मांडले. त्याने भिंतीच्या कागदांच्या पन्नासांहून अधिक नक्षी काढल्या. सन १८८७ मधील विलोच्या डहाळीची नक्षी अगदी साधी, केवळ लांबट पानांची आहे. पण ती पाहताना आपण नदीकाठी झाडाखाली उभे आहो असा भास होतो.

कागदाचे काम मार्गी लागल्यावर मॉरिसचे लक्ष कापडाकडे गेले. सन १८५६ मध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग शोधून काढला होता, आणि पुढील वीस वर्षांत तसल्या रासायनिक रंगांनी बाजार व्यापून टाकला. ते प्रथम भडक दिसत व मग वाईट तऱ्हेने विटत. मॉरिसला हवे होते जुने रंग: निळीचा निळा, मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा तांबडा, रानटी झुडपांचा पिवळा. परंतु ते पक्के करण्याची विद्या इंग्लंडात बहुतेक बुडाली होती. तेव्हा १८७५ पासून तो लीक या गावी टॉमस वॉर्डल नावाच्या रंगाऱ्याकडे वारंवार जाऊन राहू लागला. चाळिशी उलटलेला, कवी म्हणून नावाजलेला, पैसेवाला मनुष्य उमेदवार पोऱ्याप्रमाणे बाह्या सारून निळीच्या पिंपापाशी उभा राही व त्याचे हात कोपरापर्यंत निळे होत. निळीची गंमत अशी की, पिंपातून काढलेले कापड प्रथम पिवळट हिरवे असते आणि वाऱ्याला लागताच पाहता पाहता निळे होते. हाच वॉर्डल पुढे १८८५ मध्ये आपल्या देशात येऊन येथील टसर रेशमाचा अभ्यास करून गेला.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुरटीसारख्या द्रव्यांनी कापडाला रंग धरावयास लावून त्यावर ठशांनी वा कलमाने फुले उठविण्याची कला हिंदुस्थानातील रंगाऱ्यांस शतकानुशतके अवगत होती. येथील छीट सतराव्या शतकात युरोपात इतके खपू लागले की, इंग्लंडच्या पार्लमेंटाला तेथील विणकरांच्या रक्षणार्थ १७०० साली व पुन्हा १७२१ साली त्यावर बंदीचे कायदे करावे लागले. मॉरिस हा साउथ केन्झिंग्टन येथील संग्रहालयात जाऊन हिंदुस्थानी व इराणी कापडे व गालिचे तासन् तास न्याहाळीत असे. सन १८७९ मध्ये बर्मिंगहॅम येथे दिलेल्या व्याख्यानात त्याने आपल्याच देशबांधवांस बजावले की, इंग्रजी व्यापार हिंदुस्थानातील उत्तम कारागिरीचा नाश करीत आहे व तेथील तुरुंगांतून स्वस्त गालिचे विणून घेऊन जुन्या विणकरांच्या पोटावर पाय देत आहे. इंग्रजी राज्य भर दुपारच्या सूर्यासारखे तळपत असताना एका इंग्रजाने हे बोलून दाखविले, हे विसरण्याजोगे नाही.

सन १८८१ मध्ये त्याने वाँडल नदीच्या काठी मर्टन ॲबी येथे आपला स्वतंत्र कारखाना थाटला. नदीचे पाणी रंगकामास योग्य होते, भोवती झाडे होती, कापड गवतावर वाळत पडे. तेथे निळीने सबंध कापड रंगवून, जेथे पांढरे हवे तेथील रंग ठशाने उडवून, मग त्या जागी तांबडा व पिवळा भरण्याची अवघड कृती त्याने सिद्धीस नेली. सन १८८३ मधील त्याची स्ट्रॉबेरीचोरांची नक्षी याच कृतीने छापली गेली. केल्म्स्कॉट या खेड्यातील त्याच्या घराच्या बागेत थ्रश पक्षी जाळीखाली शिरून फळे पळवीत. माळी संतापे, मॉरिसने चोरांना शिक्षा न करता कापडावर अजरामर केले. विणकामासाठी त्याने १८७९ मध्ये आपल्या निजण्याच्या खोलीतच माग उभारला होता, व पहाटे उठून त्यावर पहिला पडदा ५१६ तासांत विणून पुरा केला. तो आपल्या कारागिरांस असे एकही काम सांगत नसे जे त्याने स्वतः करून पाहिले नव्हते.

एवढे वाचून कोणासही वाटेल की, हा पुरुष सर्वांगी कृतार्थ झाला. परंतु त्याच्या आयुष्यात एक सांधा होता. नक्षीतील सर्व सांधे बेमालूम झाकणाऱ्या मॉरिसला तो झाकता येईना, आणि पुढे पुढे तो झाकावा असे त्याला वाटेनासे झाले. कला ही सर्वांसाठी असावी, गरिबाच्या झोपडीतही सुंदर वस्तू असावी, असे तो सांगे. परंतु ३० ठशांचा कागद व हाताने रंगविलेले कापड विकत घेण्याचे सामर्थ्य गरिबाला कोठून असणार? त्याचे गिऱ्हाईक म्हणजे सरदार, सावकार व राजवाडे. सेंट जेम्सचा राजवाडा त्याच्याच पेढीने सजविला. आपण आयुष्यभर श्रीमंतांच्या चैनीची सेवा करीत आलो, ही जाणीव त्याला काट्यासारखी सलू लागली.

त्याहून खोल असा दुसरा सांधा त्याच्या वडिलार्जित संपत्तीत होता. ज्या डेव्हनच्या खाणीच्या पैशावर त्याची पेढी उभी राहिली, तीत तांबे कमी होत गेल्यावर सोमल काढला जाऊ लागला, आणि सोमल काढणाऱ्या जगातील मोठ्या खाणींत तिची गणना होऊ लागली. सोमलापासून तेव्हा हिरवा रंग करीत, व तो भिंतीच्या कागदांसही लागे. सन १८७१ पासून १८७५ पर्यंत मॉरिस त्या खाणीच्या संचालकांपैकी एक होता. सन २००३ मध्ये एका शास्त्रज्ञाने त्याच्या जाळी व गुलाबांच्या जुन्या कागदाचा तुकडा तपासला, तेव्हा त्यातील हिरव्या रंगात तांबे व सोमल ही दोन्ही सापडली. अशा कागदाने माणसे आजारी पडतात अशी ओरड मॉरिसच्या हयातीतच सुरू झाली होती. परंतु १८८५ मध्ये वॉर्डल यास लिहिलेल्या पत्रात त्याने ती डॉक्टरांची कल्पना म्हणून उडवून लावली. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना असल्या गोष्टी गाळण्याची पुष्कळांस सवय असते. आम्हांस ते योग्य वाटत नाही. जो मजुरांच्या सुखासाठी पुढे झटला, त्यालाही आपल्या दारच्या विषाची बाधा दिसली नाही, ही गोष्ट आपणां सर्वांस सावध करणारी आहे.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. संचालकपद सोडले त्या दिवशी मॉरिस आपल्या उंच रेशमी टोपीवर मुद्दाम बसला व पुन्हा तसली टोपी त्याने कधी घेतली नाही, असे सांगतात. जे त्याला दिसले ते त्याने दडविले नाही, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. सन १८८३ मध्ये तो समाजसत्तावादी पक्षास मिळाला व कामगारांची बाजू उघडपणे मांडू लागला. श्रीमंत कारखानदाराने असे करणे म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकांस दुखविणे होते. मित्रांनी नाके मुरडली, वर्तमानपत्रांनी दोषी ठरविले. चळवळीस पैसा हवा म्हणून त्याने आपल्या संग्रहातील मोलाची जुनी पुस्तके विकली. तो रविवारी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून व्याख्याने देई, आणि १८८७ मध्ये ट्रफाल्गर चौकाकडे निघालेल्या ज्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या तीत तो सामील होता. आपल्या कारखान्यातील काही प्रमुख माणसांस त्याने नफ्यात वाटा दिला. एका कारखान्याने सारा अन्याय नाहीसा होत नाही, हेही त्याने प्रांजळपणे कबूल केले. टेनिसन वारल्यावर १८९२ मध्ये राजकवीचे पद त्याने घ्यावे की काय याची चाचपणी झाली, तेव्हा त्याने ते नको म्हणून कळविले.

घरीही त्याला दुःख थोडे नव्हते. थोरली मुलगी जेनी हिला १८७६ मध्ये अपस्माराचा विकार जडला व तो बरा झाला नाही. मॉरिस तिला अत्यंत मायेने जपे. धाकटी मे हिने १८८५ मध्ये पेढीच्या भरतकामाची सर्व जबाबदारी उचलली व स्वतःही उत्तम नक्षी काढल्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १८९१ मध्ये, त्याने हॅमरस्मिथ येथे केल्म्स्कॉट छापखाना काढला. हातकागदावर, स्वतः घडविलेल्या अक्षरांनी व पानाच्या कडेस वेलबुट्टी भरून छापलेली त्याची पुस्तके आजही ग्रंथकलेचा आदर्श मानली जातात. त्यांतील सर्वांत मोठे, चॉसर कवीच्या काव्यांचे पुस्तक, १८९६ च्या उन्हाळ्यात पुरे झाले. त्यात मित्र बर्न-जोन्सची ८७ चित्रे होती. ऑक्सफर्डात धर्मोपदेशक होण्यासाठी आलेल्या दोन मुलांची मैत्री अशी शेवटपर्यंत टिकली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, ता. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी मॉरिसने देह ठेवला. अनेक माणसांचे काम एकट्याने केल्यामुळे तो झिजला, असे त्याच्या वैद्यांचे मत पडले. पाने व वेली लावलेल्या एका साध्या शेतगाडीतून त्याला केल्म्स्कॉटच्या चर्चच्या आवारात नेऊन पुरण्यात आले.

मॉरिस आणि कंपनी १९४० मध्ये बंद पडली. वॉल्थमस्टो येथील ज्या घरात त्याचे कुमारवय गेले तेथे १९५० पासून त्याच्या कामाचे संग्रहालय आहे. त्याच्या नक्षींवर आता कोणाचीच मालकी उरलेली नाही. त्यामुळे भिंतीवर, उशीच्या अभ्ऱ्यावर, वहीच्या वेष्टनावर, इतकेच नव्हे तर संगणकाच्या पडद्यावरही त्या दिसतात. तीस ठसे उचलणारे मजूर आता लागत नाहीत, एका खुणेसरशी हजार फुले उमटतात, आणि जो कागद फक्त राजवाड्यात शोभे त्याची प्रतिमा गरिबाच्या मुलालाही फुकट मिळते. हे मॉरिसला आवडले असते की नाही, कोण सांगणार? आम्हांस एवढेच ठाऊक आहे की, ती नक्षी मूळ काढताना पानाच्या कडेपाशी त्याने जो विचार केला तो कोणत्याही यंत्राने त्याच्यासाठी केला नव्हता.

आमच्या मुलांनी तो जास्वंदीचा पडदा पुन्हा केला. या वेळी त्यांनी प्रथम कागद, कात्री व डिंक घेतला, मग कुंडीतल्या जास्वंदीपाशी जाऊन देठ कसा वळतो ते पाहिले, आणि शेवटी संगणकाला हात लावला. नवा पडदा आता चित्रकलेच्या वर्गात टांगलेला आहे. पाहुण्यांनी त्यातील सांधा शोधून दाखवावा, असे मुले अभिमानाने म्हणतात. पण जुना पडदाही आम्ही फेकू दिला नाही. तो शेजारीच लावला आहे व त्याखाली तो फसल्याचे कारण मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. कलेमध्ये सांधा दिसू नये. वागणुकीत तो दडवू नये. विल्यम मॉरिसच्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही गोष्टी घ्याव्या, एवढीच आमची इच्छा आहे.